भंगारातली प्लेट चेंबरखाली चालेल का?

प्रश्न: काका, माझ्याकडे 2013 ची वॅगनआर आहे. राहतो धायरीला, गाव वेल्ह्याच्या पुढे. महिन्यातून दोनदा पाबे घाटातून जाणं होतं. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता आहे. पावसाळ्यानंतर दोन्ही चाकोऱ्या खोल जातात आणि मधली माती, दगड वर राहतात. गेल्या महिन्यात चेंबरला दगड लागला. पोचा आला, गळती नाही. नवीन गार्ड बसवायचे गॅरेजवाल्याने साडेचार हजार सांगितले. रविवारी जुन्या बाजारात कुठल्याशा मोठ्या गाडीखालची लोखंडी प्लेट 700 रुपयांना मिळाली. 70 बाय 55 सेंटिमीटर, जाडी 3 एमएम, एक कोपरा वाकलेला. सहा भोकं आहेत, एकही माझ्या गाडीला जुळत नाही. मेहुणा म्हणतो, सरळ वेल्डिंग मारून टाक. काय करू?
(एक वाचक, धायरी)

उत्तर: वेल्डिंग मारू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण मेहुण्यांबरोबर वेल्डिंगच्या दुकानात जायच्या आधी एवढं नक्की ऐका.

आणि प्लेटच्या आधी चेंबरचं बोलू. ‘पोचा आला, गळती नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य वाचून मला काळजी वाटली. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेली ऑइलची परात. तिच्या आत, तळाच्या अगदी जवळ, ऑइल ओढणारी जाळी असते. मध्ये जागा किती, तर बऱ्याच गाड्यांत करंगळीसुद्धा नीट जाणार नाही एवढीच. चेंबर खालून दबला की ती जागा आणखी कमी होते. डिपस्टिक लावली तर ऑइल बरोबर दिसतं, पण जाळीला ते पुरेसं ओढता येत नाही, आणि घाट चढताना, इंजिन जोरात फिरत असताना, नेमकं तेव्हाच बेअरिंगला कमी पडतं. तेव्हा आधी चेंबर उतरवून घ्या. तुमचा पत्र्याचाच आहे, कारण ओतीव अॅल्युमिनियमला असा पोचा येत नाही, ते तडकतं. लोहचुंबक लावून खात्री करून घ्या. पत्र्याचा पोचा आतून लाकडी ठोकळा ठेवून ठोकून काढता येतो. जाळी वाकली असेल तर बदला, चेंबर बसवताना सीलंट नवीन. प्लेट बसवल्यावर हेच काम करायचं म्हणजे प्लेट पुन्हा उतरवणं आलं.

माझ्या पुतण्याची गाडी मढे घाटाकडे जाताना अशीच गेली. दगड लागला, ‘ठक्’ असा आवाज आला. त्याने उतरून मोबाइलच्या उजेडात खाली पाहिलं, काही दिसलं नाही. थोडं पुढे गेल्यावर डॅशबोर्डवर तेलाच्या डब्याचं लाल चिन्ह लागलं. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणून तो तसाच दोन किलोमीटर गेला. इंजिन आधी कटकट करायला लागलं, मग जाम झालं. ते इंजिन मी स्वतः उघडलं. क्रँकवरच्या बेअरिंगच्या वाट्या राखाडी, चकचकीत असायला हव्यात. त्या निळ्याकाळ्या पडून एकीवर एक चढल्या होत्या. विम्याचे पैसे मिळाले ते चेंबरचे. इंजिनचे मिळाले नाहीत, कारण ऑइल गेल्यावरही गाडी चालवली होती. ते लाल चिन्ह लागलं की चावी जागेवर बंद करायची, घाटात असलात तरी. गाडी टो करून आणायला जे पैसे लागतील ते लागू द्यात.

आता प्लेट. मी 31 वर्षं दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम केलं, त्यामुळे जुनी प्लेट हातात आली की मी आधी तिच्यात तडा शोधतो. तुम्हीही शोधा. तारेच्या ब्रशने गंज आणि रंग पूर्ण काढा. वाकलेल्या कोपऱ्याला आणि सगळ्या भोकांच्या भोवती रॉकेल लावा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. दहा मिनिटं थांबून फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि खडूची पूड पसरा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. आम्ही हे वर्षानुवर्षं करत आलो. भोकापासून कडेपर्यंत रेघ दिसली तर तो कोपरा कापून टाका, नाही जमलं तर प्लेट किलोवर परत द्या. सातशे रुपयांसाठी जीव अडकवू नका. रेघ नसेल तर गंज काढल्यावर जाडी पुन्हा मोजा. 3 एमएम म्हणून घेतलेली प्लेट मधल्या भागात 2 एमएमच उरलेली मी पाहिली आहे. अडीचच्या खाली गेली असेल तर माझं मन होणार नाही.

तुमच्या मापाच्या प्लेटचं वजन साधारण 9 किलो भरेल. तेवढं तुमची गाडी सहज पेलेल. याच मापाची 4 एमएम अॅल्युमिनियमची प्लेट सव्वाचार किलोच्या आत बसते आणि दगडावरून छान घसरते, पण भंगारातही अॅल्युमिनियमला भाव आहे. तुमचं लोखंड आहे, लोखंडाचंच बोलू.

खरा प्रश्न जाडीचा नाही. प्लेटला दगड लागतो तेव्हा तो धक्का कुठेतरी जातो, आणि तो कुठे जाणार हे तुम्ही बोल्ट कशाला लावता त्यावर ठरतं. पुढे रेडिएटरच्या खाली जो आडवा पत्रा असतो तो बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त रेडिएटर धरण्यापुरता असतो. त्याला प्लेट टांगली तर पहिल्याच जोरदार दगडाला तो वाकतो आणि रेडिएटर फुटतो. इंजिन किंवा गिअरबॉक्सला तर मुळीच लावू नका. ते रबरी माउंटिंगवर हलत असतात, प्लेट गाडीच्या सांगाड्याला धरलेली असते, आणि दोघांची ओढाताण झाली की बोल्ट तुटतात. काही जण खालच्या आर्मचे बोल्ट सोडून त्याखालीच प्लेट घालतात. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. तो बोल्ट तुमचं चाक धरून ठेवतो. त्याच्याखाली गंजलेला, रंग लावलेला पत्रा घातला की काही दिवसांनी रंग दबतो, बोल्ट सैल होतो, आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागेपर्यंत कळतही नाही.

मग लावायचं कुठे? चाकांच्या मध्ये जो जाड क्रॉस मेंबर असतो, तो मुख्य आधार. मागचे दोन बोल्ट तिथे. पुढचे दोन, दोन्ही बाजूंना पुढे जाणाऱ्या सांगाड्याच्या चॅनलच्या खालच्या अंगाला. गाडी पिटवर (गॅरेजमधल्या खड्ड्यावर) घ्या आणि कपड्याने पुसत पुसत रिकामी आट्याची भोकं शोधा. चिखलाने भरलेली असतात, टाचणीने उकरल्याशिवाय दिसत नाहीत. सापडली तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. नाही सापडली तर चॅनलला ड्रिल मारू नका. 5 एमएमच्या पट्टीचा क्लॅम्प वळवून घ्या, तो चॅनलला खालून-वरून धरेल आणि गाडीच्या मूळ पत्र्याला हातही लागणार नाही. वेल्डिंग नको म्हणालो त्याचं कारणही हेच आहे. उष्णतेने चॅनलचा पोत बदलतो, आतल्या बाजूचा गंजरोधक थर जळतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय वेल्डिंग केलेली प्लेट ऑइल बदलताना उतरणार कशी?

प्लेटवरची जुनी भोकं विसरून जा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा प्लेटच्या मापाने कापा. गाडीच्या भोकांत बोल्ट अर्धेच बसवा, त्यांच्या टोकांना तेलात कालवलेलं कुंकू लावा आणि पुठ्ठा खालून दाबा. नेमक्या जागी ठिपके उठतात. पुठ्ठा गाडीखाली धरूनच ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, सायलेन्सरचा पाइप कुठे येतो ते पेनने आखा. पुठ्ठा चार वेळा कापायला लागला तरी कापा, कारण लोखंड एकदाच कापायचं असतं.

या आखणीत तीन गोष्टी पाहा. चेंबर आणि प्लेट यांच्यात 25 एमएम मोकळी जागा हवी. दगड लागल्यावर प्लेट थोडी दबणारच, आणि ती चेंबरला चिकटूनच असेल तर धक्का जसाच्या तसा चेंबरला बसेल. याचा अर्थ असाही होतो की गाडी इंजिनखाली निदान 28 एमएमने ठेंगणी होते. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) कंपनी 165 एमएम सांगते, तोही चार माणसं आणि डिकी भरल्यावर कमी होतो. तेव्हा तुमच्या रस्त्यावर प्लेट आधीपेक्षा जास्त वेळा घासेल. घासू दे, तिचं कामच ते आहे. पण चाकोरीतून चाक काढून एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवायची सवय सोडू नका.

दुसरं, ऑइलचं भोक. ड्रेन बोल्टच्या बरोबर खाली भोक पाडून लोक मोकळे होतात. ऑइल सरळ खाली पडत नाही. बोल्ट निघाला की सुरुवातीला चांगली धार बाहेर उडते, आणि बोल्टचं तोंड मागे असेल तर ती चार-पाच इंच मागे जाऊन प्लेटवरच पडते. पुढे कित्येक दिवस तिथून थेंब गळत राहतात आणि माणसाला वाटतं इंजिन गळतंय. पुढच्या वेळी ऑइल बदलताना धार कुठे पडते ते पुठ्ठा खाली धरून पाहा आणि भोक तिथपर्यंत लांबट करा. कडा कानशीने मोडून घ्या, नाहीतर हात कापतो. पाणी जायला मागच्या बाजूला 12 एमएमची तीन-चार भोकं वेगळी पाडा.

तिसरं सायलेन्सरचं. पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) प्लेटने झाकायचा नाही, आणि कुठेही किमान दोन इंच अंतर ठेवायचं. दिवाळीनंतर वेल्ह्याकडचं गवत वाळतं. रस्त्याच्या मधलं गवत प्लेटवर येऊन अडकतं आणि तापलेल्या पाइपाशेजारी साठतं. गावाला पोचलात की गाडी गार झाल्यावर एकदा वाकून हाताने काढत जा. आळस करायची ही जागा नाही.

प्लेटची पुढची कड वर वळवून बंपरच्या मागे जायला हवी. एका गृहस्थांची गाडी माझ्याकडे आली होती, त्यांच्या प्लेटचे पुढचे दोन बोल्ट गळून गेले होते. पुढची कड खाली लोंबली आणि गतिरोधकावर फावड्यासारखी घुसली. प्लेटच्या खाचेत डांबराचा हातभर ढेकूळ तसाच अडकलेला होता आणि मागच्या बोल्टांनी क्रॉस मेंबरची भोकं लांबट करून टाकली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. म्हणून पुढची कड वळवलेली असावी, आणि जोड द्यायचा झाला तर माशाच्या खवल्यांसारखा द्यावा, मोकळी कड शेपटीकडे.

बोल्टची डोकी प्लेटच्या खाली लोंबतात आणि दोन पावसाळ्यांत दगडांनी घासून गोल होतात. मग पाना बसत नाही, ग्राइंडरने कापावी लागतात. यावर माझा उपाय असा: बोल्टांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना 8 एमएमची चौकोनी सळई पुढून मागे वेल्डिंग करून घ्यायची. प्लेट गाडीपासून वेगळी असताना. (मेहुण्यांना वेल्डिंगची हौस असेल तर ती इथे भागवावी, इथे ती हवीच आहे.) सळया दगडावरून घसरतात, बोल्ट त्यांच्या आड सुरक्षित राहतात आणि प्लेटला ताठपणा येतो. सळई आडवी मात्र लावू नका, ती प्रत्येक दगडात अडकेल.

बोल्ट भंगारातले वापरू नका. रविवार पेठेत बोहरी आळीत नवे मिळतात. डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा कोरलेला असेल असेच घ्या. प्लेटला M8 (8 एमएमचा) पुरे, मूळ भोक मोठं असेल तर M10. क्लॅम्पला नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले नट. रबर बोल्टच्या डोक्याखाली घालू नका, रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतो. आवाज थांबवायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या प्लेट आणि चॅनलच्या मध्ये, बोल्टच्या बाजूला ठेवा. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघायची गरज पडत नाही. पहिल्यांदा 50 किलोमीटरवर पाहा, मग गावाहून परतलात की दर वेळी.

रंगाचं थोडक्यात: रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा. खालचा रंग दगडांनी जाणारच, वरच्या बाजूला नीट लावा, कारण ओल तिथे साठते.

गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर भरवसा ठेवू नका. विटांवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. लोखंडी घोड्या लावा, मागच्या चाकांना ओट द्या, सायलेन्सर गार होऊ द्या. नऊ किलोची प्लेट झोपून एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावता येत नाही. दोन माणसं हवीत, किंवा प्लेटखाली दुसरा जॅक.

क्लॅम्प, बोल्ट, सळई, वेल्डिंग, रंग हे सगळं प्लेट धरून दीड हजारापर्यंत जाईल, आणि तुमचे दोन रविवार. दोन रविवार आणि पिट मिळत नसेल तर साडेचार हजारांची तयार प्लेट घ्या. पण तीही बसवताना शेजारी उभे राहा आणि बोल्ट कशाला लावतायत ते स्वतः पाहा.

प्रश्न: माझ्या गाडीखालचं काळं प्लास्टिक फाटून लोंबत होतं, ते गॅरेजवाल्याने काढून टाकलं. ‘त्याचा काही उपयोग नसतो’ म्हणाला. खरं का? त्याऐवजी लोखंडी प्लेट लावू का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: उपयोग असतो, ताई. ते प्लास्टिक दगड अडवायला नसतं. पावसात पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल बेल्टवर, वायरिंगवर जाऊ नये यासाठी असतं. रेडिएटरमधून आलेली हवा कुठून बाहेर पडावी याचीही वाट ते ठरवतं. तुम्ही शहरातच चालवत असाल तर तेच प्लास्टिक परत बसवा, क्लिपसकट. लोखंडी प्लेटची तुम्हाला गरज नाही. कधी बसवलीच तर अख्खी बंद प्लेट घेऊ नका, तिला हवेच्या खाचा हव्यात. एप्रिल-मेमध्ये वाहतूक कोंडीत एसी चालू असताना पंखा सतत फिरायला लागला, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर गेला, तर गरम हवा कोंडली जातेय असं समजा.

प्रश्न: इंजिनखालचा गार्ड आरटीओला चालतो का? माझ्या मित्राने तो पुढच्या बंपरच्या पाइपलाच जोडलाय.
(एक वाचक, वाघोली)

उत्तर: मित्राला तो जोड आजच तोडायला सांगा. बंपरवर लावायच्या अशा पाइपांवर, म्हणजे बुल बारवर, कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं आहे. त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेतला आहे, ते गाडीच्या बदलांविषयीचं कलम आहे. चेंबरखालची प्लेट ही वेगळी वस्तू, पण बंपरच्या पाइपला जोडली की ती त्याच पाइपचा भाग होते. कायदा बाजूला ठेवला तरी मला भीती वाटते ती धडकेची. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा अशाच बेताने बनवलेला असतो, त्या चुरगळण्यात धक्का जिरतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्यावरून काम करतात. बंपरपासून क्रॉस मेंबरपर्यंत लोखंडाचा अखंड जोड दिला की चुरगळायला जागा उरत नाही, धक्का थेट आत येतो. प्लेटची पुढची कड बंपरच्या आतल्या लोखंडी आडव्या पट्टीच्या मागेच संपली पाहिजे, मध्ये चार बोटं अंतर ठेवून. बोल्ट काढल्यावर पाइपची भोकं तशीच ठेवू नका, पाइपच उतरवा.